मोठं मार्केटप्लेस की छोटी वेबसाइट? ऑनलाइन खरेदीला नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

येवल्याची पैठणी मोठ्या शॉपिंग ॲपवर मिळते आणि येवल्यातल्याच एखाद्या विक्रेत्याच्या स्वतःच्या वेबसाइटवरही मिळते. फोटो साधारण सारखेच आणि किमतीत थोडा इकडेतिकडे फरक. नवा ग्राहक त्या किमतीकडे बघून ठरवतो. पण आधी बघायच्या गोष्टी दोन आहेत: बिल कोणाच्या नावाने निघणार, आणि वस्तू हातात पडेपर्यंत आपले पैसे कोणाकडे थांबणार. ही दोन उत्तरं ऑर्डर देण्याआधी मिळवायची कशी, आणि पुढे काही बिघडलं तर कोणत्या क्रमाने काय करायचं, ते इथे दिलं आहे.

जागा एकाची, माल दुसऱ्याचा

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो ही मार्केटप्लेस. परकीय गुंतवणूक असलेल्या मार्केटप्लेसला भारतात स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही. त्यामुळे ‘ॲमेझॉनवरून घेतलं’ असं आपण म्हणतो तेव्हा ते ॲमेझॉनवर दुकान लावलेल्या कोणा विक्रेत्याकडून घेतलेलं असतं. वस्तू मार्केटप्लेसच्या गोदामातून निघाली आणि खोक्यावर त्यांची पट्टी असली तरी बिलावर नाव विक्रेत्याचंच येतं.

पैसे मात्र आधी मार्केटप्लेसकडे जातात. ते आपलं कमिशन आणि बाकीचे आकार कापून काही दिवसांनी विक्रेत्याला हिशेब देतात. तुमची तक्रार मान्य झाली तर परतावा याच व्यवस्थेतून होतो, विक्रेत्याची मनधरणी करावी लागत नाही. मार्केटप्लेसचा सगळ्यात मोठा फायदा हाच. स्वस्ताईचा नंबर त्याच्या बराच नंतर लागतो.

छोट्या स्वतंत्र वेबसाइटवर विकणारा आणि दुकान चालवणारा एकच. पैसे पेमेंट गेटवेमार्फत (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेऊन विक्रेत्याला पोचवणाऱ्या कंपन्या: रेझरपे, कॅशफ्री, पेयू वगैरे) साधारण दोनतीन कामाच्या दिवसांत त्याच्या खात्यात जमा होतात, म्हणजे पुष्कळदा पार्सल तुमच्या गावात पोचायच्या आत. परतावा द्यायचा तर त्याला स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो. म्हणून इथे माणूस तपासावा लागतो. बदल्यात मिळतं ते म्हणजे वस्तूची खरी माहिती असलेला माणूस, फोन केला तर उत्तर, आणि बऱ्याचदा मार्केटप्लेसवर न येणारा माल.

कायदा दोघांनाही लागू आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये ‘मार्केटप्लेस’ आणि स्वतःचा माल विकणारी ‘इन्व्हेंटरी’ वेबसाइट असे दोन प्रकार धरले आहेत. वस्तू सदोष निघाली, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसली किंवा कबूल केलेल्या मुदतीनंतर आली, तर ती परत घ्यायला नकार देता येत नाही (नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाने झालेला उशीर सोडून). छोट्या साइटवर ठळक अक्षरात ‘नो रिटर्न, नो रिफंड’ लिहिलेलं असलं तरी ते लागू होतं ‘रंग आवडला नाही’ला. फाटक्या साडीला नाही.

काय कुठून घ्यायचं

मोबाइल, मिक्सर, हेडफोन, फॅन अशा ठरलेल्या मॉडेलच्या वस्तू मार्केटप्लेसवरून किंवा थेट कंपनीच्या वेबसाइटवरून घ्याव्यात. मॉडेल क्रमांक एकच असल्याने तुलना सोपी, वॉरंटी कंपनीची, आणि नग बिघडलेला निघाला तर बदलून मिळण्याची यंत्रणा तयार असते.

चार्जर, मेमरी कार्ड, परफ्यूम, प्रसाधनं, प्रोटीन पावडर यांत नकली माल फार. हे मार्केटप्लेसवर घेतलंच तर कंपनीच्या अधिकृत स्टोअरमधून घ्या. बाजारात २ हजारांना असलेलं मेमरी कार्ड ४०० ला दिसतंय तर त्यावर लिहिलेली क्षमता खरी नसते. असं कार्ड भरत आलं की जुन्या फोटोंवरच नवे फोटो लिहायला लागतं, आणि तोवर परतीची मुदत संपलेली असते.

हातमाग, मसाले, फराळ, बियाणं, हंगामी फळं, मातीची आणि लोखंडी भांडी यांसाठी छोटी वेबसाइट बरी. मराठी पुस्तकांचंही तसंच. बाजारात दुर्मीळ झालेलं पुस्तक मार्केटप्लेसवर पुनर्विक्रेते छापील किमतीपेक्षा चढ्या दराने लावतात, आणि तेच प्रकाशकाच्या स्वतःच्या साइटवर मूळ किमतीला पडून असतं. मिक्सरचा कपलर, कुकरची रिंग अशा सुट्या भागांत उपकरणाच्या बुडाशी असलेल्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक जुळवून देणारा छोटा विक्रेता मिळाला तर त्याला धरून ठेवा. मार्केटप्लेसवर ‘सर्व मॉडेलना बसते’ असं लिहिलेली रिंग बऱ्याचदा कशालाच बसत नाही.

मार्केटप्लेसवर ऑर्डर देण्याआधी

पहिल्यांदा किमतीच्या आसपास ‘सोल्ड बाय’ किंवा ‘सेलर’ लिहिलेलं नाव शोधा आणि त्यावर टिचकी मारा. विक्रेत्याचं व्यवसायाचं नाव, पत्ता, ग्राहकसेवेचा क्रमांक आणि असल्यास रेटिंग तिथे दाखवणं नियमाने बंधनकारक आहे. वस्तूचं रेटिंग वेगळं आणि विक्रेत्याचं वेगळं, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. एकाच वस्तूच्या पानावर पाचसहा विक्रेते रांगेत असतात. ॲप त्यातला एक आपणहून निवडून ठेवतं. ‘इतर विक्रेते’ उघडून बघा. चाळीस रुपयांच्या फरकासाठी नवा, रेटिंग नसलेला विक्रेता घेण्यात अर्थ नाही.

मग परतीची अट. ‘७ दिवसांत रिप्लेसमेंट’ आणि ‘७ दिवसांत रिटर्न’ या दोन वेगळ्या गोष्टी. रिप्लेसमेंटमध्ये तीच वस्तू बदलून मिळते, पैसे सहसा परत येत नाहीत. इलेक्ट्रॉनिक्समध्ये आधी तंत्रज्ञ येऊन बघून जाईल अशीही अट असते. मुदत डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजली जाते, तुम्ही खोकं उघडलं त्या दिवसापासून नाही. लग्नाच्या भेटीसाठी महिनाभर आधी घेऊन न उघडता ठेवलेला मिक्सर बंद निघाला तर प्रश्न थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा होतो.

प्रतिक्रिया वाचताना ‘सगळ्यात नवीन आधी’ असा क्रम लावा आणि दोन-तीन तारेवाल्या वाचा. पाच तारे देणारा ‘छान आहे’ म्हणून सुटतो, एक तारा देणारा बहुतेक वेळा कुरिअरवर चिडलेला असतो. दोन-तीन तारेवाला मात्र ‘भांडं चांगलं आहे पण झाकण घट्ट बसत नाही’ असं कामाचं सांगतो. आणखी एक युक्ती विक्रेते करतात. जुन्या, गाजलेल्या वस्तूच्या पानावर वेगळीच वस्तू चढवतात. म्हणजे पान इस्त्रीचं आणि खालच्या प्रतिक्रिया टॉर्चबद्दल. ग्राहकांनी टाकलेले फोटो चाळले की हे लगेच कळतं.

शेवटचं पान, म्हणजे पैसे भरण्याचं, सावकाश वाचा. वाढीव वॉरंटी, विमा, देणगी, सदस्यत्व यातलं काही आधीच टिक करून ठेवलेलं नाही ना ते बघा. न विचारता टोपलीत माल टाकणं, ‘फक्त २ उरले’ अशी खोटी घाई, शेवटच्या पानावरच उगवणारे आकार यांसह १३ प्रकारांना केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. तरी ते दिसतात. दिसले की स्क्रीनशॉट काढून ठेवा.

छोटी वेबसाइट तपासायची दहा मिनिटं

ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसलं तरी निश्चिंत होऊ नका. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंतची वाट सुरक्षित आहे. पलीकडे बसलेला माणूस कसा आहे हे कुलूप सांगत नाही, आणि भामट्यालाही ते फुकट मिळतं.

साइटच्या तळाशी जा. कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता, फोन, ईमेल आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क एवढं नियमाप्रमाणे हवंच. फक्त फॉर्म किंवा फक्त व्हॉट्सॲपचं बटण असेल तर तिथेच थांबा. परतीचं आणि परताव्याचं धोरण उघडून शेवटपर्यंत वाचा. घाईत उचललेल्या धोरणात दुसऱ्याच कंपनीचं नाव, डॉलरमधल्या रकमा किंवा परदेशातला पत्ता तसाच राहून गेलेला असतो. ‘आमच्याविषयी’मधलं एक वाक्य उचलून सर्चमध्ये टाका. तेच वाक्य दहा वेगवेगळ्या नावांच्या साइटवर सापडलं तर तिथेच थांबा. वस्तूचे फोटो गूगल लेन्सला दाखवा, तिथेही तोच प्रकार.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०, गुजरात २४. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये लॉगिन न करता हा क्रमांक टाकता येतो. कायदेशीर नाव, व्यवसायाचं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि मुख्य पत्ता दिसतो. साइट म्हणते कोल्हापूर आणि क्रमांक ०७ ने, म्हणजे दिल्लीच्या अंकांनी सुरू होतोय, तर फोन करून विचारा. रद्द दिसला तर विचारायचीही गरज नाही.

जीएसटी क्रमांक नाही म्हणजे भामटा, असं मात्र समजू नका. ताजी फळं जीएसटीमुक्त आहेत, त्यामुळे फक्त आंबा विकणाऱ्या बागायतदाराला नोंदणी लागत नाही. छोट्या उलाढालीच्या हस्तकला विक्रेत्यांनाही सवलती आहेत. खाद्यपदार्थ असतील तर तिथे दुसरा क्रमांक शोधा: एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेची केंद्रीय संस्था), १४ अंकी. १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. घरातून चकली-चिवडा करून विकणाऱ्यांनाही ही नोंदणी लागते. एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर क्रमांक पडताळता येतो.

साइटचं नाव कधी नोंदवलं ते ‘हूइज’ शोधात दिसतं. ‘१९८५ पासून आपल्या सेवेत’ असं लिहिलेल्या दुकानाची साइट दोन वर्षांपूर्वीची असणं स्वाभाविक आहे. पण दिवाळीच्या तोंडावर तीन आठवड्यांपूर्वी नोंदवलेलं नाव, ८५ टक्के सूट आणि मोठ्या ब्रँडचा माल हे तिन्ही एकत्र दिसलं तर ती साइट सणापुरतीच उभी केलेली असते.

शेवटी फोन लावा, कामाच्या वेळेत. ‘स्टॉक आहे का’ असं विचारू नका, त्याला उत्तर ‘हो’च येतं. माल ओळखणाऱ्यालाच देता येईल असं काही विचारा: चप्पल म्हशीच्या चामड्याची की बैलाच्या, तिळाची चिक्की कोणत्या दिवशीची, बियाणं कोणत्या लॉटचं. खरा विक्रेता अशा प्रश्नाने खुलतो, कधीकधी गरजेपेक्षा जास्त.

शेवटची रक्कम मांडून बघा

समजा कोल्हापुरी चप्पल मार्केटप्लेसवर १,२४९ ला आहे, डिलिव्हरी फुकट, वर प्लॅटफॉर्म फी १०. झाले १,२५९. विक्रेत्याच्या साइटवर १,१०० अधिक कुरिअर ८०, म्हणजे १,१८०. कॅश ऑन डिलिव्हरी घेतली तर आणखी ५०. इथवर साइट स्वस्त. पण माप चुकलं तर मार्केटप्लेसचा माणूस घरून घेऊन जातो, आणि साइटवाला म्हणतो तुमच्या खर्चाने पाठवा. जाऊन-येऊन दीडशे रुपये लागले तर सगळा हिशेब फिरतो. म्हणून मापाच्या वस्तूंत आधी पाऊल कागदावर ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा आणि ते माप विक्रेत्याला कळवा. ‘आठ नंबर’ हा प्रत्येकाचा वेगळा असतो.

हलक्या वस्तूला एवढं कुरिअर का लावलं, यावरून वाद होतात. कुरिअर कंपन्या वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५,००० ने भागायची. ३० सेंटिमीटरच्या चौकोनी खोक्यातला आकाशकंदील काट्यावर पाव किलो भरला तरी हिशेबात ५.४ किलोचा ठरतो. घडीचा कंदील मागवला तर हा खर्च वाचतो.

छापील कमाल किमतीवर मारलेली रेघ बघून सूट मोजू नका. तीच वस्तू दोनतीन ठिकाणी आज कितीला विकली जाते तेवढं बघा.

पैसे भरताना

छोट्या साइटवर पैसे पेमेंट गेटवेतूनच भरा. गेटवेला रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे विक्रेत्याची कागदपत्रं तपासूनच त्याला जोडून घ्यावं लागतं, आणि व्यवहाराची नोंद तुमच्या हातात राहते. गेटवेच्या पानावर किंवा यूपीआय ॲपमध्ये पिन टाकण्याआधी ज्याला पैसे जाणार त्याचं नाव दिसतं. ते नाव जीएसटीवरच्या कायदेशीर किंवा व्यवसायाच्या नावाशी जुळवा. साइट ‘सह्याद्री मसाले’ आणि पैसे भलत्याच व्यक्तीच्या खासगी खात्यात, तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘गेटवे बंद आहे, या नंबरवर पाठवा आणि स्क्रीनशॉट टाका’ हे वाक्य आलं की व्यवहार सोडून द्या. खरोखर लहान, घरगुती विक्रेतेही असं सांगतात हे खरं. ओळखीतून आलेला, आधी ज्याच्याकडून घेतलंय असा विक्रेता असेल तर तो तुमचा निर्णय. अनोळखी असेल तर सोडाच, आणि घ्यायचंच ठरवलं तर तीनचारशे रुपयांच्या वर जाऊ नका.

१ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना तुमच्या कार्डाचा क्रमांक स्वतःकडे साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्डाच्या जागी चालणारा सांकेतिक क्रमांक, वापरतात. त्यामुळे ‘कार्ड सेव्ह करा’ याला पूर्वीइतकं घाबरायला नको. नव्या साइटवर तरीही ‘नको’ म्हणा, एकदाच्या खरेदीला ते लागत नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे सुरक्षित, हा समज मोडायला हवा. पैसे दिल्याशिवाय खोकं उघडू देत नाहीत. आत चिंधी निघाली तर रोख कुरिअरवाल्याकडे गेलेली असते आणि त्याला आतल्या मालाशी देणंघेणं नसतं. बनावट साइट मुद्दाम हाच पर्याय पुढे करतात. मागवलेलं नसताना आलेलं पार्सल घरातल्या कुणीही पैसे देऊन घेऊ नये, हे आजीआजोबांनाही सांगून ठेवा.

नव्या साइटवर पहिली ऑर्डर छोटी असावी. सहा किलो मसाल्याआधी पाव किलो.

दोन वस्तू जवळून: पैठणी आणि हापूस

मार्केटप्लेसवर ‘पैठणी’ शोधलं की हजार-दोन हजारांच्या शेकडो साड्या येतात. नाव नीट वाचा: ‘पैठणी स्टाइल’, ‘पैठणी डिझाइन’, ‘आर्ट सिल्क’, ‘सेमी पैठणी’. या यंत्रमागाच्या, बहुतेक कृत्रिम धाग्याच्या. रोजच्या वापराला त्यात काही वाईट नाही, फक्त पैसे त्या हिशेबाने द्या. हातमागाच्या पैठणीची खूण पदराच्या उलट्या बाजूला असते. मोर, पोपट, कमळ मागूनही जवळपास तसेच आणि नीट दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागेपुरताच विणून अडकवलेला असतो. यंत्रावरच्या साडीत मागे धाग्यांचे लांब तरंगते पट्टे दिसतात किंवा ते कापल्याच्या कडा. म्हणून विक्रेत्याकडे चार गोष्टी मागा: पदराची उलटी बाजू, काठाची उलटी बाजू, दिवसाच्या उजेडातला पूर्ण फोटो आणि ‘सिल्क मार्क’च्या होलोग्राम लेबलचा जवळून फोटो. सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, हातमागाचं नाही. त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ वेगळा. बिलावर ‘हातमाग, शुद्ध रेशीम’ असं लिहून मागा. पुढे वाद झाला तर तेवढे शब्द उपयोगी पडतात. काही हजारांच्या पुढे खर्च करताना व्हिडिओ कॉलवर साडी उलगडून दाखवायला सांगणं रीतीचंच आहे, येवल्यातले विक्रेते ते करतातही.

हापूसची गोष्ट वेगळी. ‘अल्फान्सो’ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. परराज्यातला आंबाही हापूस म्हणून विकला जातो. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर आणलं आहे. ‘देवगड’ म्हणून जादा पैसे मोजत असाल तर ते आहे का विचारा. पेटी डझनावर घेताना एका फळाचं वजन ग्रॅममध्ये विचारा. चार डझनांची पेटी आणि सहा डझनांची पेटी वजनाला जवळपास सारखीच भरते, फरक फळाच्या आकाराचा असतो. कुरिअरने येणारा आंबा अर्धकच्चा असतो आणि तसाच हवा. पिकलेला वाटेत दबतो. आल्या आल्या पेटी उघडा, गवत किंवा पेंढ्यात एकेक फळ सुटं लावा, फ्रिजमध्ये नको. रंग आणि वास भरायला काही दिवस जातात.

विक्रेत्याला आधीच विचारायचा प्रश्न साक्याचा. वरून निर्दोष दिसणारं फळ कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा भाग निघतो, तो साका. बाहेरून तो कोणालाच ओळखता येत नाही, बागायतदारालाही. चांगले विक्रेते खराब निघालेल्या फळांचे पैसे किंवा पुढच्या पेटीत तेवढी फळं देतात, पण डिलिव्हरीनंतर ठरावीक मुदतीत कापलेल्या फळाचा फोटो मागतात. ती मुदत फक्त २४ तासांची असेल तर साक्याला ती निरुपयोगी, कारण तोवर फळ पिकलेलंच नसतं. हे आधी बोलून घ्या आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

पार्सल आल्यावर

ओटीपी वस्तू हातात आल्यावरच सांगा. ‘गाडी खाली उभी आहे, आधी ओटीपी द्या’ याला नकार द्या, कारण ओटीपी दिला म्हणजे माल पोचल्याची सही झाली. फोनसारख्या महाग वस्तूंना ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ असेल तर तीच निवडा. त्यात डिलिव्हरीवाल्यासमोर खोकं उघडून बघता येतं आणि वस्तू चुकीची असेल तर तिथल्या तिथे परत करता येते.

इतर वेळी उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि तो उपयोगी पडेल असा काढा. आधी लेबल वाचता येईल एवढं जवळून, मग खोक्याच्या सहाही बाजू, चिकटपट्टी सलग आहे ते, मग कापणं, आतली वस्तू, तिचा अनुक्रमांक आणि बिल. मध्ये थांबवायचं नाही; तुकड्यांचा व्हिडिओ दिला की ‘मधे बदललं असेल’ असं म्हणायला जागा राहते. खोकं, टॅग आणि फोम परतीची मुदत संपेपर्यंत टाकू नका. परत न्यायला आलेला माणूस टॅग, अनुक्रमांक, डबा सगळं जुळवतो आणि एक कमी असलं तरी रिकामा परत जातो. माल परत दिल्याची पावती किंवा मेसेज तिथल्या तिथे घ्या. परताव्याचे अर्धेअधिक वाद ‘आम्हाला माल मिळालाच नाही’ यावर येऊन थांबतात.

बिघडलं तर, या क्रमाने

पहिली तक्रार ॲपमधून किंवा ईमेलने, लेखी. फोनवरचं बोलणं हवेत जातं. ऑर्डर क्रमांक, तारीख, दोष, फोटो आणि काय हवं (बदली की पैसे) एवढं पाच ओळींत बसतं. ग्राहकसेवेचा नंबर सर्चमध्ये कधीही शोधू नका. तिथे भामट्यांनी स्वतःचे नंबर पेरलेले असतात, आणि ते परताव्याच्या नावाखाली स्क्रीन शेअर करणारं ॲप उतरवायला सांगतात. नंबर ॲपमधून किंवा बिलावरून घ्या. पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही. पिन मागितला की समोरचा पैसे काढतोय.

दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर तक्रार निवारण अधिकारी. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एक महिन्यात तक्रार निकाली काढायची, असा नियम आहे. ईमेलमध्ये २०२० च्या नियमांचा उल्लेख एका ओळीत करा. छोट्या विक्रेत्यांना हा नियम बहुधा माहीत नसतो, तेव्हा ती ओळ धमकीच्या सुरात नको.

‘परतावा केला आहे’ असं सांगितलं आणि खात्यात दिसत नसेल तर क्रमांक मागा: कार्डासाठी एआरएन, यूपीआयसाठी १२ अंकी आरआरएन किंवा यूटीआर. हा क्रमांक बँकेला दिला की पैसे कुठे अडकलेत ते सापडतं. क्रमांक देता येत नसेल तर परतावा झालेलाच नाही.

तरी हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५, मराठीतही बोलता येतं. ती निवाडा देत नाही, तक्रार कंपनीकडे पोचवून पाठपुरावा करते. मोठी मार्केटप्लेस तिथून आलेल्या तक्रारी सहसा लवकर मार्गी लावतात. अगदी छोट्या विक्रेत्यावर तेवढा परिणाम होईलच असं नाही. कार्डाने पैसे भरले असतील आणि माल आलाच नसेल, तर बँकेकडे चार्जबॅकसाठी (बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत मागणं) अर्ज करा, आणि तो लवकर करा, कारण त्याला कार्ड कंपन्यांच्या मुदती असतात.

साइटच बनावट निघाली तर हा क्रम विसरा. त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार, सोबत बँकेलाही कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर भुर्दंड बसत नाही, असं जे ऐकू येतं ते तुम्ही न केलेल्या, बाहेरच्याने घुसून केलेल्या व्यवहारांसाठी आहे. स्वतः पिन टाकून बनावट साइटला भरलेले पैसे त्यात धरले जातातच असं नाही.

शेवटचा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा. १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. विक्रेता सुरतचा असो की दिल्लीचा, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. सोबत बिल, पैसे भरल्याचा पुरावा, वस्तूच्या पानाचा ऑर्डरच्या दिवशीचा स्क्रीनशॉट आणि सगळा पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने एकाच पीडीएफमध्ये लावा. वस्तूचं पान नंतर बदललेलं असतं, म्हणून तो स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच काढून ठेवायचा.